भेकरमाची यादीत नाही

महाड, २१ मार्च

निशिगंधा,

प्रकल्पाच्या ईमेलवरून लिहिलं की त्याची प्रत तिकडे तुझ्या विद्यापीठात प्रा. इंगविल्डना, इकडे प्राचार्यांना आणि दोन्हीकडच्या कार्यालयांना जाते. ही व्यवस्था मीच लावली आहे. ती चांगली आहे आणि मी ती मोडत नाही. हे पत्र तिच्या बाहेरचं आहे. व्हॉट्सॲपवर माझं काही तू उघडत नाहीस, म्हणून कागद.

आधी कामाचं. दरडींच्या पाहणीची प्राथमिक यादी काल आली. पोलादपूर तालुक्यातल्या ज्या वाड्यांवर यंत्रं बसतील आणि पावसाआधी ज्यांना खाली हलवावं अशी शिफारस जिल्ह्याला जाईल, त्यांची यादी. भेकरमाची तिच्यात नाही. शेरा आहे : "हालचालीची दृश्य खूण आढळली नाही."

तुझ्या आईच्या गोठ्यामागून निघून देवाच्या सहाणेवरून पलीकडच्या उतारावर जाणारी भेग तुला माहीत आहे. दिवाळीत तू तिच्यात पट्टी उभी धरली होतीस आणि मी फोटो काढले होते, तुझ्याच फोनवर. मग खूण का आढळली नाही, हे तुला कोणी लिहिलं नसणार. मी लिहिते.

चमू शिमग्याच्या दोन दिवस आधी वर गेला. गाड्या, परवानग्या, जेवण, दुभाषी हे माझ्याकडे होतं, आणि डोंगर बघणं त्यांच्याकडे. उद्घाटनाला प्राचार्य म्हणाले होते ते आठवत असेल : विज्ञान आणि व्यवस्थापन ही बैलजोडी, एका जुवाला बांधली की नांगर सरळ जातो. भूशास्त्राची पदवी तुझ्याइतकीच माझ्याकडे आहे, पण करारात मी व्यवस्थापनात आहे आणि व्यवस्थापनातल्या माणसाचं निरीक्षण डेटात धरलं जात नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सहाण नुकतीच सारवून झाली होती. देवाची पालखी बसायची जागा, त्यात परदेशी पाहुणे येणार, म्हणून बायकांनी जास्तच मनावर घेतलं होतं. भेग आधी माती चोपून बुजवली, वरून शेणाचा जाड हात, कडेने रांगोळी. तुझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बग गो पिरया, कशी केलीय? ते भगदाड बरं दिसत नव्हतं. पावण्यांचा पाय मुरगळला आसता." तिला फार आनंद झाला होता. मी छान आहे म्हणाले.

गोठ्यामागे राब रचलेला. पातेरा, शेण, गवत, वर मातीचा थर, नाचणीच्या रोपांची जागा भाजायला तयार. खाली जमीन कुठेच दिसत नव्हती. भेटीची तारीख त्यांच्या विद्यापीठाच्या सुट्ट्या आणि आमच्या निधीचं वर्ष पाहून ठरली होती. मी महाडात, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर वाढले. मार्चमध्ये वाडीवरची सगळी जमीन एकतर सारवलेली असते नाहीतर झाकलेली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या आलं असतं.

मी इंगविल्डबाईंना जागा दाखवली. त्या लगेच गुडघ्यावर बसल्या, हाताने चाचपलं, आणि हे थोडं उकरता येईल का, असं विचारलं. पालखीचा मानकरी कुशाबा म्हणाला, "देव बसायच्या आदी? बाई, डोस्कं ठिकाणावर हाय का?" मी भाषांतर केलं, डोक्याचा भाग गाळून. मग त्यांनी कुशाबालाच विचारलं की इथे भेग आहे का. "नाय," कुशाबा म्हणाला. "आता काय नाय." हे त्याच्या दृष्टीने खोटं नव्हतं. बुजवलेली आहे म्हणजे नाही, आणि पाहुण्यांपुढे आपल्या घराचं उणं कोण काढतं.

तू मूल्यांकनात असतीस तर हा शेरा गेला नसता. जानेवारीत हितसंबंधांचं निवेदन मी तुझ्याकडून मागवलं, त्यामुळे तू स्वतःच्या गावापुरती बाहेर झालीस, आणि तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. नियम योग्य आहे. ज्याचं घर त्या डोंगरावर आहे त्याने त्या डोंगराला गुण देऊ नयेत. आजही मी ते निवेदन मागवीन.

पण त्या निवेदनाने तू गुण देऊ शकत नाहीस. पुरावा देऊ शकतेस. कलम मी नीट वाचलं आहे. दिवाळीतले फोटो इंगविल्डबाईंना पाठव. तारीख आहे, पट्टी आहे. अंतिम यादी १५ एप्रिलला बंद होईल.

प्रियदर्शिनी


महाड, १७ एप्रिल

निशिगंधा,

तुझं उत्तर प्रकल्पाच्या पत्त्यावर आलं. "भेकरमाचीबाबत मी निवेदन दिलेले असल्याने कोणतीही सामग्री सादर करणे उचित होणार नाही." मी ते नियमाप्रमाणे फाइलला लावलं. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर तुझी एक ओळ आली : नियम तू शिकवलास, आता मला पाळू दे. ती कुठे लावायची ते मला कळलं नाही.

यादी परवा बंद झाली.

त्याआधी मी इंगविल्डबाईंना स्वतंत्र लिहिलं होतं. त्यांनी व्हिडिओवर बोलावून घेतलं. त्या वाईट नाहीत, हे तू मला सांगायची गरज नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि मग विचारलं, "हे तू भूशास्त्रज्ञ म्हणून सांगते आहेस की प्रकल्प कार्यालयाच्या वतीने?" मी म्हणाले, मी एकच आहे. त्या हसल्या. मग म्हणाल्या की दोन्ही बाजू एकत्र आणणं हाच या सहकार्याचा उद्देश आहे, पण एकदा व्यवस्थापनाने निरीक्षणात हात घातला की उद्या कोणीही कुठल्याही वाडीसाठी यादी हलवील. हेही बरोबर आहे. त्यांनी पुढच्या टप्प्याच्या प्रस्तावात भेकरमाचीचं नाव घालायचं कबूल केलं. तो टप्पा मंजूर झाला तर दोन वर्षांनी सुरू होईल.

पोलादपूरला जाऊन एका अधिकाऱ्यांना भेटले. त्यांनी आपल्याच प्रकल्पाची प्राथमिक यादी समोर ठेवली.

"मॅडम, हा तुमचा कागद?"

"हो."

"यात लिहिलंय खूण नाही. तुम्ही म्हणता आहे. मग आम्ही कुठल्या मॅडमचं ऐकायचं, गोऱ्या की सावळ्या?"

त्यांनी चहा मागवला. चेष्टा होती, मी रागावले नाही. पुढे ते जे म्हणाले ते चेष्टेत नव्हतं : "पूर्वी कागद नव्हता तेव्हा मी माझ्या जबाबदारीवर वाडी खाली आणवत होतो. आता कागद आहे. त्याच्या वर मी कसा जाऊ?"

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. फोटो अजूनही उपयोगी पडतील. यादी बंद झाली तरी दुरुस्तीपत्रक निघू शकतं, वैज्ञानिक भागीदाराच्या सहीने. नमुना मी तयार ठेवला आहे.

प्रियदर्शिनी


महाड, १९ मे

निशिगंधा,

तुझी तब्येत बरी नव्हती असं तुझ्या आईकडून कळलं. आता बरी असशील.

शनिवारी मी वर गेले होते, सहज. एप्रिलमध्ये मी गोठ्यामागे, भेगेच्या दोन्ही बाजूंना, एकेक लोखंडी खुंटी ठोकली होती. खुंट्यांमधलं अंतर वाढलं तर उतार सरकतो आहे. प्रकल्पाचं साहित्य वापरलं नाही, महाडच्या बाजारातून आणल्या. ठोकताना तुझी आई कंदील धरल्यासारखी छत्री धरून उन्हात उभी होती आणि मला विचारत होती की त्याला लिंबू-मिरची बांधायची का.

शनिवारी अंतर दीड सेंटिमीटर वाढलेलं होतं. पावसाआधी दीड सेंटिमीटर म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मी वहीत घ्यायला गेले आणि पाहिलं तर खालच्या खुंटीला शेळी बांधलेली.

"काकी, ही इथे कधीपासून?"

"रोजच की. तू एवढी मजबूत ठोकलीस, मला वाटलं शेळीसाठीच ठोकलीस. लई ओढते गो ती, पन खुंटी काय हलत नाय."

खुंटी हललेली होती. उताराने की शेळीने, ते मी सांगू शकत नाही. माझा अंदाज आहे की दोघांनी. अंदाज हे माप नव्हे. तू माझ्या जागी असतीस तर तूही ते टाकून दिलं असतंस. मी टाकून दिलं.

उरली सहाण. शिमग्यात देव बसून गेला की पुढच्या शिमग्यापर्यंत सहाणेला खोरं लावायचं नाही. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. सहाणेवर चढण्याबद्दलही कधी काही ठरलं नव्हतं. मी चढले नाही, कोणी चढ म्हणालं नाही. पहिल्या सुट्टीत तुमच्याकडे मला चहा वेगळ्या कपातून आला होता आणि दुसऱ्या सुट्टीत आला नाही. तो फरक तुझ्या आईने स्वतःहून केला आणि आपण तिघींनी त्याचं नाव काढलं नाही, ते मला बरं वाटलं होतं. पण घर वेगळं, सहाण वेगळी. महाडच्या भिकाजीच्या मुलीने भेकरमाचीची सहाण उकरली, तर दुसऱ्या दिवशी गोष्ट भेगेची राहणार नाही. तू उकरली असतीस तर चार शिव्या खाऊन सुटली असतीस.

रविवारी मुंबईकरांची बैठक होती. सुट्टीला सगळे आलेले. रितेश आता मंडळाचा चिटणीस आहे हे तुला माहीत असेल. तुझा भाऊ म्हणून मी त्याच्याकडून बोलायची वेळ मागून घेतली. त्याने दिली. मी सांगितलं की खूण आढळली नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. शक्य तेवढं सोपं करून सांगितलं.

रितेश म्हणाला, "प्रियाताई, टेन्शन नको घेऊस. इंटरनॅशनल टीमने क्लीन चिट दिली ना? बस झालं."

"क्लीन चिट नाही दिलेली."

"मग आपलं नाव लिस्टमध्ये आहे का?"

"नाही."

"मग?"

मागून कोणीतरी म्हणालं, "दर वर्षी सरकार उठा उठा करतंय. आता आपल्याकडं बी कागद हाय." लोक हसले.

कुशाबा हसला नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, तुमी सांगताव कागदाचं ऐकू नका. मग कागद कराय तुमी आलाव कशाला?"

त्याला काय उत्तर द्यायचं ते तू सुचवलंस तर बरं होईल. खरंच विचारते आहे.

प्रियदर्शिनी


महाड, २४ जून

निशिगंधा,

गेल्या आठवड्यात आठवड्याचा पाऊस दोन दिवसांत पडला. यादीतल्या चार वाड्या खाली आल्या. भेकरमाची आली नाही.

मागच्या पाच वर्षांत ती प्रत्येक मोठ्या पावसाला आली होती. ढग उतरले की न सांगता गोधड्या आणि शेळ्या घेऊन खालच्या गावच्या शाळेत. शाळेच्या मास्तरांनी यंदाही खोल्या झाडून ठेवल्या होत्या. त्यांनी मला फोन केला, "तुमची माणसं का नाही आली हो?" मी म्हणाले ती माझी माणसं नाहीत. नंतर पुन्हा फोन करून क्षमा मागितली.

मी पाऊस उघडल्यावर वर गेले. तुझी आई चुलीपुढे बसून मला म्हणाली, "मी काय येडी हाय व्हय गो, तितं वल्या फरशीवर निजाय? तपासून गेली ना ती बाई? माज्या निशीचं सायेब हायती ते. माज्या पोरीच्या सायबांनी बगितलंय."

हे ती अभिमानाने सांगते. वाडीत सगळ्यांना सांगते. तुला हे माहीत आहे की नाही ते मला माहीत नाही.

आपल्या प्रकल्पाने भेकरमाचीत जी क्षमता बांधली ती एवढीच आहे. पूर्वी ही माणसं घाबरत होती आणि खाली येत होती. आता घाबरत नाहीत.

आणखी एक. तुमच्या गोठ्याखालच्या खाचरात पाणी ठरत नाही. लावणीसाठी भरलेलं पाणी सकाळपर्यंत कुठेतरी निघून जातं. तुझी आई म्हणते खेकड्यांनी बांधाला भोकं पाडली. बांधाला भोकं मला दिसली नाहीत.

आता मी फोटो मागत नाही. दुरुस्तीपत्रक निघालं तरी पाऊस त्याच्या आधी संपेल. फोन मागते. आईला फोन कर आणि एवढंच म्हण : कागद चुकला, खाली जा. हे वाक्य शास्त्राला धरून नाही. कागद चुकलेला नाही, अपुरा आहे. पण अपुरा म्हणू नकोस. अपुरा म्हटलं की ती पुढचं ऐकायला थांबेल, आणि पुढचं आपल्याकडे काही नाही. माझ्या तोंडून ती हे ऐकत नाही. मी गाड्यांची आणि जेवणाची व्यवस्था बघणारी.

दोघींच्या शिक्षणात कुणी आपल्याला असं बोलायला शिकवलेलं नाही. तरी मागते आहे.

प्रियदर्शिनी


महाड, २८ जुलै

निशिगंधा,

फोनबद्दल आभार. तू केलास हे मला तुझ्या आईकडून कळलं. तिने तो असा सांगितला : "म्हनली, आये, अहवालात काय निघालेलं नाय, पन पावसात जपून ऱ्हा. मी म्हनलं, जपूनच ऱ्हातो की."

तू खोटं बोलू शकली नाहीस. "पण" म्हणून तू नंतर पुष्कळ काही बोलली असशील. तिने त्यातलं पहिलं वाक्य ठेवलं, जे तिला आधीपासून माहीत होतं. तुझ्या जागी मी काय बोलले असते याचा मी विचार केला. मला वाटतं हेच.

लाल इशारा आला त्या दिवशी मी वर होते. घाटातली झाडं पडून रस्ता बंद झाला, त्यामुळे राहावं लागलं. रस्ता दुपारी बंद झाला आणि मी सकाळीच गोधडी घेऊन गेले होते हे तुझी आई तुला सांगेलच, म्हणून मीच लिहिते. मी तिला उचलून आणणार नव्हते. खाली चला म्हणून सांगायचं आणि नाही आली तर तिथे असायचं, एवढंच ठरवलं होतं. त्याचा उपयोग काय, असं तू विचारशील.

मी घरोघर गेले. प्रत्येक ठिकाणी बसायला पाट मिळाला. कुशाबाच्या घरी सून म्हणाली, "एवढी घाबरताव तर तुमी जावा, आमी काय धरून ठेवलंय?" सासऱ्याने तिला गप्प केलं. ती बरोबर बोलत होती. तुझ्या आईने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी केली आणि मला आपल्या शेजारी आतल्या अंगाला अंथरूण घातलं. ती गाढ झोपली. मी झोपले की नाही ते महत्त्वाचं नाही.

काही झालं नाही.

खालच्या अंगाला दोन खाचरांचे बांध गेले. समोरच्या डोंगरावर एक पांढरा ओरखडा उठला, तिथे वस्ती नाही. भेकरमाची आहे तशी आहे. सकाळी कुशाबा ओट्यावर तंबाखू मळत होता. मला बघून म्हणाला, "बगितलंस? डोंगर बी तुज्यापेक्षा कागदाचं आयकतो."

सगळे हसले. मीही हसले. माणसं जिवंत होती, हसायला काही हरकत नव्हती.

गोठ्याची मागची भिंत बाहेरच्या बाजूला कललेली आहे. ओळंबा लावून पाहिला. माप माझ्याकडे आहे. पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुला कळवते : सव्वा फूट वर जाईपर्यंत दोन बोटं. मार्चमध्ये ती भिंत उभी होती. तुझी आई म्हणते पावसाने फुगली.

आता काय मागू ते मला सुचत नाही. यंदा डोंगर आला नाही. जे सांगत होते ते घडलं नाही, त्यामुळे माझ्या शब्दाला जी काही किंमत होती तीही गेली. आला असता तर मी बरोबर ठरले असते. असं मनात आलं हे मी कुणाला सांगणार नाही, तुलाही सांगायला नको होतं.

प्रियदर्शिनी


महाड, १२ सप्टेंबर

निशिगंधा,

अंतिम अहवाल मी काल प्रणालीवर चढवला. तुझ्या प्रकरणाचा मसुदा त्याला जोडलेला होता, तो वाचला. काम चांगलं आहे. आकृत्या स्वच्छ आहेत. एका वाक्यापाशी मी थांबले : "पाहणी केलेल्या परंतु यादीत समाविष्ट न केलेल्या एकाही ठिकाणी या पावसाळ्यात दरड कोसळली नाही, यावरून निवडपद्धतीची विश्वासार्हता दिसून येते." ते वाक्य तू लिहिलंस की बाईंनी, मी विचारत नाही. ते खरं आहे. त्याखाली भेकरमाचीचं नाव नाही, फक्त एक संख्या आहे, आणि त्या संख्येत ती आहे.

व्यवस्थापनाच्या बाजूचा समारोप मी लिहिला. संशोधन व्यवस्थापन आणि वैज्ञानिक सहकार्य एकत्र आल्यामुळे काय साध्य झालं, त्याचे मुद्दे. सगळे खरे आहेत. वेळापत्रक पाळलं गेलं, निवेदनं वेळेत आली, डेटात एकही अनधिकृत नोंद नाही. इंगविल्डबाईंनी लिहिलं की इतकं नीटनेटकं प्रकल्प कार्यालय त्यांनी युरोपातही पाहिलं नाही. प्राचार्यांनी ते पत्र चौकटीत लावलं.

पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव गेला आहे. भेकरमाचीचं नाव त्यात होतं. परीक्षकांच्या सूचनेवरून काढलं : ज्या ठिकाणी पहिल्या टप्प्यात काही आढळलं नाही, तिथे पुन्हा खर्च का. मी ते काढलं, कारण ते काढायचं काम माझ्याकडे होतं.

माझा करार संपला. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले आहे. पाण्याचे आणि कच्च्या मालाचे नमुने तपासते. बाबा पूर्वी ज्या बसने पाळीला जात त्याच वेळेच्या बसने जाते. काम बरं आहे. जे मोजते ते लिहिते, आणि ते मोजणं माझंच धरलं जातं.

गणपतीत तुझ्या आईने बोलावलं म्हणून गेले होते. तुझा भाऊ आणि मुंबईकर सगळे आलेले. खाली रस्त्याच्या कडेला खडीचा आणि रेतीचा ढीग दिसला, मला वाटलं रस्त्याचं काम आहे. वर गेल्यावर कळलं. रितेश घर बांधतो आहे. स्लॅबचं, वर आणखी एक मजला चढवता येईल असं. गोठा पाडून, गोठ्याची आणि त्यामागची सगळी जागा धरून. आखणी झाली आहे, चुन्याच्या रेघा मी पाहिल्या. दिवाळीनंतर पाया खणतील. आणखी दोघं तयार आहेत, तेही तिथेच शेजारी. इतकी वर्षं कोणी भेकरमाचीत पैसा घालत नव्हतं.

मी रितेशला म्हणाले की तिथे बांधू नकोस. तो म्हणाला, "कुठे बांधू मग? खाली एक गुंठा पण नाही आपला. तू सांग ना, कुठे बांधू?" आवाज चढवला नाही त्याने. खरंच विचारत होता. मग त्याला कोणीतरी आरतीला हाक मारली.

तुझी आई मला घेऊन त्या रेघांमधून हिंडली. इथे माजघर, इथे मोरी, इथे तुझी खोली, खिडकी डोंगराच्या बाजूला, वारा येईल म्हणून. तुझ्या खोलीत उभी राहून तिने मला एक निरोप दिला आणि दोनदा म्हणवून घेतला, मी मध्ये काही घालीन अशी तिला शंका होती. तिचे शब्द जसेच्या तसे पाठवते. माझं त्यात काही नाही.

"तिला म्हनावं, तुज्या सायबांनी जागा तपासली म्हनून तुज्या भावाला धीर झाला. तुज्या शिकन्याचं चीज झालं. घरभरनीला ये."

प्रियदर्शिनी